पड

“पड म्हणले हुते मी. पडीक न्हाई.”

“आजी, फॉर्ममध्ये तीनच रकाने होते. बागायत, जिरायत, पडीक. पडला रकानाच नव्हता.”

“मंग रिकामं सोडायचं.”

“रिकामं सोडलं की ते पुढे सरकतच नाही.”

“कोण?”

“मोबाईल.”

“म्हंजी मोबाईलला इचारलंस. मला न्हाई.”

धायरीत तुळजाबाईंच्या ओट्यावर परवीन मान खाली घालून बसली होती. तिचे वडील अमीनभाई मंडईत तराजू दुरुस्त करतात; काटा केसभर हलला तरी गिऱ्हाइकाला परत पाठवत नाहीत. घरात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करणारी ती पहिली. शहरानं गिळलेल्या गावांत ओढ्याकाठची किती शेतं उरली, हा तिचा विषय. वर्षभर दर रविवारी बसनं यायची. तुळजाबाईंनी तिला गवतांची नावं शिकवली, भाकरी वाढली, एकदा पायातला काटाही काढला.

वैशाखात त्या म्हणाल्या होत्या, “रान दमलंय. पावसाळाभर निजू दे. पड टाकलंय. दसरा झाला की हरभरा.” त्या ढेकळांत परवीननं टिटवीची तीन घरटी मोजली. अकरा अंडी. अंडी बरोबर लिहिली. रान पडीक लिहिलं.

तुळजाबाईंचे मालक हिंदुराव जाताना तिन्ही मुलांकडून शब्द घेऊन गेले होते: रान पिकतं तोवर विकायचं नाही. रान मुलांच्या नावावर होतं; तेवढ्या एका शब्दावर तुळजाबाईंनी बारा वर्षं बिल्डरला दारातून परत पाठवला. गेल्या महिन्यात थोरल्या मच्छिंद्रनं भावांना बसवून परवीनचा अहवाल वाचून दाखवला. छापील होता. कॉलेजचा शिक्का होता. रान पडीक, म्हणजे शब्द सुटला, असं भावांनी मानलं.

“मी पत्र आणते,” परवीन म्हणाली. “कॉलेजच्या मॅडमच्या सहीचं. चूक माझी आहे, असं लिहून. तिघांनाही भेटते.”

“कवा?”

“उद्याच.”

तेवढ्यात मच्छिंद्र बाहेर आला. हातात पेढ्यांचा बॉक्स.

“बरं झालं आलात, ताई. शुक्रवारी सह्या झाल्या.” त्यानं बॉक्स पुढे केला. “आईपुढं आमचं कुणाचं चालत नव्हतं बघा. तुमचा रिपोर्ट लई कामाला आला.”

परवीननं पेढा घेतला. तो तिच्या मुठीत मऊ होत गेला.

“खा की,” तुळजाबाई म्हणाल्या. “तोंड गोड कर. तुझं पुस्तक पुरं झालं ना?”

“झालं.”

“पास करतील?”

“करतील.”

“मंग झालं.”

मच्छिंद्र आत गेला. दसरा नुकताच झाला होता; ओट्याच्या कोपऱ्यात हरभऱ्याच्या बियाण्याचं गाठोडं होतं. परवीन हळूच म्हणाली, “आजी, पुढच्या रविवारी येऊ?”

तुळजाबाईंनी पदर खोचला, गाठोडं कमरेवर घेतलं, आणि तिच्याकडे न बघता ओटा उतरून रानाच्या वाटेला लागल्या.