टीम नसलेल्यानं चहा करायचा

आमच्या कामठीच्या घरात फुटबॉल बघण्याचा एकच नियम होता. ज्याची टीम नाही, त्यानं हाफटाइमला उठून चहा करायचा. नियम मोठ्या भावानं काढला होता आणि तो माझ्याचसाठी होता, कारण बघणारे आम्ही दोघंच, आणि टीम नसलेली मी एकटी. लग्नं दोघांचीही राहून गेली. त्याची कारणं इथं उगाळत बसत नाही.

दादा ऐन उमेदीची सगळी वर्षं इथल्या मैदानावर गोलकीपर होता. गुडघा गेला आणि खेळ सुटला. मग शनिवारी संध्याकाळी परदेशातल्या लीगचे सामने टीव्हीवर बघणं सुरू झालं. पहिल्याच सामन्यात एक टीम पाच गोल खाऊन हरली, आणि यानं नेमकी तीच आपली म्हणून धरली. मी विचारलं, जिंकणारी सोडून हीच काहून?

"त्या गोलकीपरले पाहिलं का तू? पाच खाल्ल्यावरही सहाव्यासाठी पुरं अंग झोकून राहिला होता. बस, हेच माही टीम."

मी शाळेत भूगोल शिकवते. ती सगळी शहरं मला नकाशावर अचूक दाखवता येतात, पण म्हणून त्यांच्याशी माझं काय नातं? कधी गेले नाही, जाणार नाही. ज्यांना आपण माहीतही नाही, त्यांच्या हरण्यानं आपण रविवारचा वरण-भात का कडू करून घ्यायचा? दादा घ्यायचा. हरले की जेवताना बोलायचा नाही. मला ते बघून चीड यायची. मी म्हणायचे, टीम धरली की माणसाला खेळ दिसत नाही, नुसता स्कोअर दिसतो. मी दोन्हीकडचं चांगलं ते बघते.

"बिनाटीमचं पाहणं म्हणजे अनोळखी लग्नात जेवून येणं," तो म्हणायचा. "पोट भरते, पण मांडवात कोणी आपलं नसते."

तरी दर शनिवारी, खेळाडू रांगेत उभे राहिले की, न चुकता विचारायचा, "तुही टीम कोणती वं?" मी म्हणायचे, "कोणतीच नाही." मग हाफटाइमला तो पाय लांब करून म्हणायचा, "जाय मंग, चहा मांड." मी बडबडत उठायचे. खरं सांगते, मला तो चहा करायला आवडायचं. हट्टानं टीम न धरण्यामागं तेही एक कारण होतं.

मागच्या वर्षी त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि मी त्याला शहरात, धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं. सोमवारी ऑपरेशन ठरलं. मध्ये शनिवार आला. मी त्याच्या उशाशी पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाइल लावला. त्याचीच टीम खेळत होती. खेळाडू रांगेत आले. त्यानं मान वळवून विचारलं, "आज तरी सांग. तुही टीम कोणती वं?"

तुझीच, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मनात शंका शिरली. मी आज ही टीम आपली म्हटली आणि ती हरली तर? सोमवारसाठी तो अपशकुन ठरला तर? मुलांना ग्रहणं शिकवणारी बाई मी, आणि असल्या गोष्टीला भ्याले. म्हटलं, "कोणतीच नाही."

तो हसला. हाफटाइम झाला. "जाय मंग. नियम म्हणजे नियम." दोन घोट त्याला चालतील, असं सिस्टर म्हणाली होती. मी खाली उतरले. टपरीवर ही गर्दी, कोणी यवतमाळचं, कोणी गडचिरोलीचं, सगळे आपापल्या पेशंटसाठी उभे. मी नंबर लावला. दोन कप घेऊन वर आले तेव्हा त्याच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता आणि आत चार माणसं होती. मोबाइल तसाच चालू होता. दुसरा हाफ सुरू झाला होता. त्याची टीम एका गोलनं पुढे होती.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही इथं असता तरी काही करू शकला नसता. असेल. पण मी तिथं नव्हते. टीम तुझीच, एवढं म्हटलं असतं तर नियमानं मला उठावंच लागलं नसतं. हे कोणालाही समजावून सांगता येत नाही, आणि यातून माझी सुटकाही नाही.

आता मी एकही सामना चुकवत नाही. खेळाडू रांगेत आले की बाजूच्या त्याच्या खुर्चीतून तोच प्रश्न येतो. भास आहे, मला कळतं. तरी अंगावर काटा येतो, आणि तरी मी त्याची वाट बघते. मी मोठ्यानं सांगते, "तुझीच, दादा." ते हरले की माझंही जेवण कडू होतं. मांडवात कोणी आपलं असणं म्हणजे काय, ते आता कळून राहिलं आहे.

हाफटाइमला चहाची तल्लफ येते. मी उठत नाही. पंधरा मिनिटं त्या रिकाम्या खुर्चीचा हात घट्ट धरून बसून राहते, आणि दुसरा हाफ सुरू झाल्यावरच सोडते.