हनुवटीवरची खळी

आधी उजेड येतो तो डावीकडच्या खिडकीतून. मग दिसतं लांबलचक टेबल, त्यावर वाळत मांडलेल्या प्लास्टरच्या गोल थाळ्या, आणि प्रत्येक थाळीत उठून आलेला एकच चेहरा: मान जराशी कललेली, डोळे खाली, हनुवटीवर खळी. मरियामाता. अजून रंग न लागलेली, पांढरीफटक, एकीसारखी दुसरी. सगळ्यात शेवटी उजेड पोचतो टेबलाच्या टोकाला. तिथं हिरवा एप्रन बांधलेली एक बाई कुंचल्याचं टोक ओठांनी ओलं करत बसलेली असते. तिच्याही हनुवटीवर खळी.

ही अर्मिदा.

इटलीतल्या लुक्का शहराच्या वरच्या अंगाला, सेर्किओ नदीच्या खोऱ्यातलं हे डोंगरी गाव. जमीन म्हणाल तर चेस्टनटच्या झाडांपुरती, आणि धंदा म्हणाल तर प्लास्टरचा. पुरुषांनी साचे पाठीला बांधून परमुलखात जायचं, बायकांनी मागं राहून रंगवायचं. पोरीचं लग्न ठरलं की आईनं तिला पलंगाच्या उशाशी, भिंतीवर लावायला मरियामातेची थाळी द्यायची, ही चाल. ती थाळी रंगवावी अर्मिदानंच, असा सगळ्यांचा हट्ट. कारण तो चेहरा अर्मिदाचा होता, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

कोवळी पोर होती ती तेव्हा. नार्चिझोच्या कारखान्यात एलिसेओ नावाचा मूर्ती घडवणारा होता. तसा हात पुन्हा त्या खोऱ्यात झाला नाही. ईस्टरच्या आधीच्या उपासांच्या दिवसांत त्यानं अर्मिदाला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, डोक्यावर पदर दिला आणि म्हणाला, "हलू नकोस." ती हलली नाही. नाकाला खाज सुटली तरी हलली नाही. पहिली थाळी साच्यातून निघाली तेव्हा सगळा कारखाना तिच्यावर वाकला. रंगकाम करणारी योलांदा म्हणाली, "अगं बाई, खळीसकट उतरलीस की." एलिसेओ नुसता हसला.

पानगळीत तो ब्राझीलला निघाला. बस चौकात उभी होती, निम्मं गाव जमलं होतं. "येतो परत," तो म्हणाला. जाणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा. अर्मिदाला मात्र वाटलं, ते तो आपल्यालाच म्हणाला.

पुढं पिठाच्या चक्कीवाल्यानं तिला मागणी घातली. त्याला नाही म्हटल्यावर पोस्टमननं घातली. दोघंही भले होते. आई काकुळतीला यायची. "अगं, भिंतीवर टांगलेल्या बाईला कुणी जेवू घालत नाही."

"ज्यानं माझं तोंड घडवलं तो तोंड विसरेल का, आई?"

आई गेली, चक्कीवाल्याला नातवंडं झाली, आणि अर्मिदा रंगवत राहिली. आधी सरसाचा हात, तो वाळला की कातडीचा रंग, गालावर बोटाच्या टोकानं लाली, पदराला निळा. आणि सगळ्यात शेवटी, श्वास धरून, खळीत तपकिरी सावलीचा एक बारीक टिपका. तो टिपका दुसऱ्या कुणी द्यायचा नाही. नव्या पोरी चेष्टा करायच्या, "मावशी, आज किती वेळा आरशात पाहिलंत?" ती मान वर न करता म्हणायची, "पोटापुरतं." खरा आरसा तिनं केव्हाच भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. टेबलावरची मात्र सतरा वर्षांचीच राहिली होती.

आणि एलिसेओ आला.

पांढरे बूट, सोन्याचा दात, हातात काठी. बायको साओ पाउलोला पुरलेली, मुलं तिकडंच धंद्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कारखाना बघायला आला तेव्हा अर्मिदानं इस्त्रीची कॉलर लावली होती. सगळ्यांनी कुंचले खाली ठेवले.

त्यानं चष्मा चढवून एक थाळी उचलली. "अजून हीच चालते? साचा झिजला नाही?"

"दोनदा नवा केला, हिच्यावरूनच," म्हातारा नार्चिझो म्हणाला. "आणि ही बघ, जिचं तोंड घेतलंस ती. ओळखलंस?"

एलिसेओनं अर्मिदाकडे निरखून पाहिलं. "बियाजींची पोर ना तू? बाप रे, काय बडबडायचीस. स्टुलावर बसवलं की तेवढीच गप्प."

सगळे हसले. अर्मिदाही हसली.

"पण तोंड हिचं कुठलं?" तो पुढं म्हणाला. "काकाकडे प्लास्टरचा एक देवदूत होता, पंख मोडलेला. त्याचंच तोंड मातीत दाबून घेतलं आणि मान कलती केली. हिला बसवलं ते पदराच्या चुण्यांसाठी. खांदे चांगले होते हिचे."

मग योलांदा, जी अर्मिदाच्या शेजारी बसून म्हातारी झाली होती, ती जरा मोठ्यानंच म्हणाली, "आणि खळी? ती काय देवदूताला होती?"

एलिसेओनं थाळी डोळ्यापाशी नेली. खळीत नख घातलं. "ही? हा बुडबुडा आहे. मूळ नमुना ओतताना हवा राहिली असणार. ईस्टर तोंडावर आलं होतं, बुजवायचं राहून गेलं." त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही त्याला रंग पण देता?"

तो हसला, आणि त्या हसण्यात काही काळंबेरं नव्हतं. जुन्या सोबत्यांना धंद्यातली गंमत सांगावी तसं त्यानं सांगितलं. त्याला दुष्ट म्हणता आलं असतं तर अर्मिदाला बरं वाटलं असतं.

बुडबुडा काय असतो हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रोज काडीच्या टोकानं ओलं प्लास्टर भरून ते बुडबुडेच बुजवत होते. पण खळीवाली पोर शेजारी बसलेली पाहिली, आणि हा एक बुडबुडा कुणाला बुडबुडा दिसलाच नाही.

"मला एक रंगवून दे," एलिसेओ अर्मिदाला म्हणाला. "महिनाभर आहे बहिणीकडे. घरी नेऊन पलंगावर लावीन."

"देईन."

दुपारी बाकीच्या जेवायला उठल्या. योलांदा दारात रेंगाळली. "चल, चेस्टनटची धिरडी गार होतील."

"तू जा."

"म्हातारा झालाय तो. विसरला असेल."

"विसरला कुठं?" अर्मिदा म्हणाली. "काकाचा देवदूतसुद्धा लक्षात आहे."

एकटी झाल्यावर तिनं फळीवरून साचा काढला आणि उजेडाकडे धरला. साच्यात सगळं उलटं. नाकाच्या जागी खड्डा, गालांच्या जागी वाट्या, आणि खळीच्या जागी बाजरीच्या दाण्याएवढा उंचवटा. एवढी वर्षं तिनं तो मऊ ब्रशनं झटकला होता, तुटू नये म्हणून. तिनं चाकू घेतला आणि एकदाच फिरवला. एप्रनवर चिमूटभर पांढरी पूड पडली. ती तिनं झटकली.

त्या साच्यातून निघालेली पहिली थाळी एलिसेओची. न्यायला आला तेव्हा त्यानं ती हातभर लांब धरली, डोकं तिरपं केलं. "वा," तो म्हणाला, "आता कसा नीट दिसतो चेहरा." अर्मिदानं ती कागदात गुंडाळून, दोरी बांधून दिली. बस सुटली तेव्हा ती चौकात गेली नाही.

त्यानंतर थाळ्या परत येऊ लागल्या. पाववाल्याची जेम्मा तर थाळी शालीखाली धरून, तरातरा टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिच्या थोरलीचं लग्न आठवड्यावर आलं होतं.

"अर्मिदा, ही आमची मरियामाता नव्हे. खळी कुठंय? माझ्या आईच्या पलंगावर आहे, माझ्या आहे, आणि पोरीला बोडकी देऊ?"

"चाकूनं एक खड्डा पाडून दे ना बाई," मागून नार्चिझो कुरकुरला. "गिऱ्हाईक तुटतंय."

"तर काय," जेम्मा म्हणाली. "आणि मेलं, नमुना शोधायला जायला नको. तुझ्या तोंडावरच तर आहे."

अर्मिदानं पुढ्यातल्या पदराचा निळा हात पुरा केला. कुंचला पाण्यात बुडवला, एप्रनला पुसला, आणि मग मान वर केली.

"बुडबुडा होता तो, जेम्मा. एवढे आपण सगळे प्लास्टरवाले, पण कुणी बुजवला नाही."