हेडरमधली किल्ली आणि दगडाबाईची म्हैस

आमच्या जयाला एका जागी बसवत नाही. जेवताना ती दोनदा उठते, फोन आला की दुकानाबाहेर चकरा मारते. मी तिची थोरली जाऊ, झेरॉक्स सांभाळते, त्यामुळे हे सगळं मलाच सोसावं लागतं. पण नेवासा तालुक्यातल्या आमच्या जनावरांच्या बाजाराचा प्रोग्राम तिनेच लिहिलाय, स्वतः शिकून. कानातल्या बिल्ल्याचा नंबर टाकला की लसीकरणाची नोंद दुसऱ्या एका सेवेकडून येते. नोंद आली तरच आमच्या दुकानातून विक्रीची पावती निघते.

त्या दिवशी सकाळपासून नोंदच येईना. सेवेचा नियम बदलला होता. आता प्रत्येक विनंतीच्या हेडरमध्ये, म्हणजे तिच्या माथ्यावरच्या ओळीत, आपल्या ओळखीची किल्ली, म्हणजे अक्षरं-आकड्यांची खूण पाठवायची होती. सेवेच्या पत्रातून आलेली किल्ली जयाने घातली, तरी नकारच. तिने हेडरचं नाव तपासलं, नेट बदललं, वायर उपटून पुन्हा लावली, माझ्यावर खेकसली.

दारात पाथर्डीकडची दगडाबाई म्हशीचं दावं धरून उभी होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा ट्रक ऊसतोडीला निघणार होता. घरी मागे कोणी नव्हतं, म्हैस आजच विकायला हवी होती. गिऱ्हाईकही ठरलेलं होतं. ती सारखी विचारी, झालं का. जया म्हणे, होतंय. मला दोघींकडे बघवेना.

शेवटी मीच पत्र हातात घेऊन पडद्याशी ताडून पाहिलं. पत्र मराठीत, म्हणून किल्लीतले आकडेही मराठीत. मालकांची नावं लिहायची म्हणून आमचा कीबोर्डही कायम मराठीत. आमच्या जयाबाईसाहेबांनी किल्लीतला ४७ पत्रातल्यासारखा मराठीतच टाकला होता, आणि हेडरला मराठी आकडा चालत नाही. इंग्रजी आकडे घालताच नोंद आली.

तोवर गिऱ्हाईकाने शेजारच्या बाजारात जाऊन दुसरी म्हैस घेतली होती आणि आमचा बाजार उठला होता.

जया रडवेली झाली. दगडाबाईने दावं आमच्या खांबाला बांधलं.

“चुकी तुझी हाय,” ती म्हणाली. “मी माघारी येस्तोवर म्हस तू सांभाळ. दूध तुझं.”

मग लुगड्यावर घातलेला कामाचा जुना सदरा तिने अंगातून काढला आणि जयाच्या हातात दिला.

“ह्यो घातल्याबिगर धारंला बसू नको. ती वासानं वळखती.”

सकाळी जया तो सदरा घालून बसली. म्हशीने तिला हुंगलं आणि पान्हा सोडला. दगडाबाईचा ट्रक केव्हाच गेला होता. जया म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून रडत धार काढत राहिली.