शिडीचे आठ गुण

तिला अख्खी शाळा ‘शिडी’ म्हणायची. सहावीतच ती इतकी ताडमाड वाढली की प्रार्थनेच्या रांगेत तिच्या मागच्या पोरींना माना वाकड्या करूनच उभं राहावं लागे. खेळाच्या सरांनी ती उंची हेरली, तिला अडथळ्यांच्या शर्यतीत उतरवलं, आणि बघता बघता शाळेच्या काचेच्या कपाटात चषक ठेवायला जागा पुरेना.

सकाळी सराव, दुपारी सराव. वर्गात ती पाहुण्यासारखी यायची. परीक्षेत प्रश्नच उत्तरपत्रिकेत उतरवून काढायची, तरी प्रगतिपुस्तकात चाळीस-एकेचाळीस हमखास. विचारलं की सर म्हणायचे, “तू पळ गं. बाकीचं आम्ही बघतो.”

नववीत तिचा घोटा मुरगळला. तीन आठवडे पळणं बंद. सरांनी तिला खेळाच्या खोलीत चेंडूंत हवा भरायला बसवलं. खोलीला एकच खिडकी, तीही छताजवळ. वर्गात जावं तर काही कळत नाही, मैदानात जावं तर पाय टेकत नाही. शिडी दिवसभर पंप दाबत बसायची.

तिथे एकदा ताई आली. ताई म्हणजे शिडीच्या आधीची विजेती. कपाटातला वरचा अख्खा कप्पा तिचा. गुडघा कामातून गेला आणि तिचं पळणं संपलं. हातात कारखान्यातल्या नोकरीचा अर्ज होता.

“एवढा भरून दे ना. मला यातलं ओ की ठो कळत नाही.”

नाव, पत्ता झाला. मागच्या पानावर एक गणित होतं. एका खोक्यात चोवीस डबे, तर साडेसात खोक्यांत किती? शिडीने बोटं मोजली, लिहिलं, खोडलं. ताईने डोकं खाजवलं. दोघी खो खो हसत सुटल्या.

“आणि मला दहावीच्या सहामाहीत गणितात बेचाळीस होते!” ताई म्हणाली.

“मला एकेचाळीस,” शिडी म्हणाली.

मग कोणीच हसलं नाही. ताई अर्जाची घडी घालून लंगडत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शिडी गणिताच्या बाईंसमोर उभी राहिली.

“बाई, सहामाहीत मला खरे किती पडले?”

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. “आठ.”

“मग आठच द्या.”

“अगं, नापास झालीस तर जिल्ह्याच्या स्पर्धेला उतरता येत नाही. नियम आहे.”

“माहितीये.”

बाई बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या. एकेचाळीसवर सही त्यांचीच होती. शेवटी त्यांनी तो आकडा खोडला.

सरांनी आकाशपाताळ एक केलं. “तीन वर्षं घडवलं तुला! ऐन वेळी तोंडघशी पाडलंस!” घरी आईने डोक्याला हात लावला. “सगळे हाताला धरून पुढे नेतायत आणि ही बया फतकल मारून बसतेय!” बाबा टेलर. त्यांनी मशीन थांबवलं. “आठ म्हणजे शंभरपैकी?”

“हो.”

“बरं,” म्हणाले आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

स्पर्धेची बस फाटकातून बाहेर पडली तेव्हा शिडी मधल्या सुट्टीत बाईंपुढे पाचवीचं पुस्तक उघडून बसली होती. बाकाखाली पाय मावत नव्हते, अपूर्णांक डोक्यात शिरत नव्हते. त्या क्षणी तिला बाईंचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. आधी मैदानात डांबलेली होती, आता वर्गात, फरक काय? सर समोरून येताना नजर चुकवायचे. मैदानावर पाऊल टाकायची तिला बंदी होती.

वार्षिक परीक्षेत ती दोन विषयांत गेली. नववी पुन्हा. यंदा रांगेतल्या पोरी तिच्या खांद्यालाही लागत नव्हत्या.

त्या वर्षीच्या सहामाहीत गणितात सदतीस पडले. बाईंनी पेपर तिच्यापुढे ठेवला. “घे, तूच बेरीज कर.” शिडीने दोनदा केली. सदतीसच.

आठवड्याने सर वर्गाच्या दाराशी आले. “उद्या सहाला मैदानात.”

“येते सर. पण आठला मी तासाला बसणार.”

“बघू,” सर म्हणाले.

सकाळी ती पळाली. वर्षभर बसून पाय लाकडासारखे झाले होते. धाकट्या पोरींच्याही मागे, सगळ्यांत शेवटी पोचली. सरांनी घड्याळ पाहिलं. त्यांनी पुढच्या फेरीची शिट्टी फुंकली तेव्हा पावणेआठ झाले होते. शिडी कडेला बसून बुटाच्या नाड्या सोडत होती.