एका केसाच्या दोन्ही बाजूंनी

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकते, कारण अंधश्रद्धेविरुद्ध आम्ही काढतो त्या पत्रकांमध्ये चूक कायम दुसऱ्याचीच असते.

बोरी अरबच्या पुढच्या एका गावातल्या शाळेतून निरोप आला होता. तिथं खिचडी शिजवणाऱ्या मावशींची नजर वाईट, त्या पाहतात म्हणून पोरं आजारी पडतात, असं आयांनी ठरवलं होतं. मावशी एकट्या. ते काम गेलं तर त्यांना दुसरं काहीच नव्हतं. काढून टाकायची सभा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. माझं डोकंच फिरलं. आजोबांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात कोणी कोणाची नजर काढलेली नाही. लेझर आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी सकाळच्या एसटीनं पोचले. आधी दारोदार पत्रकं वाटली.

दुपारी वर्गाच्या खिडक्यांना बारदानं लावली. भर उन्हात आत मिट्ट काळोख. पन्नासेक माणसं, आणि दाराशी ओले हात पुसत उभ्या मावशी. जादू वाटली तरी मागं कारण असतं, हे दाखवायचा आमचा ठरलेला प्रयोग. भिंतीवर लेझरचा लाल ठिपका पाडला. प्रकाश कणाकणानं येतो, त्या कणाला फोटॉन म्हणतात, एवढं सांगितलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "कोणीतरी आपला एक केस द्या." केस गावातलाच घ्यायचा हा आमचा नियम. स्वतःचा लावला की लोक म्हणतात, जादू हिच्याच केसात आहे.

कोणी हललं नाही. बाया विंचरताना गळलेला केससुद्धा बोटाला गुंडाळून, त्यावर थुंकून फेकतात. तो परकीच्या हातात कोण देणार?

"घे व पोरी, माहा घे," मावशी म्हणाल्या आणि एक लांब पांढरा केस उपटून दिला.

मी खूश झाले. तिथंच थांबायला हवं होतं.

केस किरणात धरला आणि ठिपका फुटला. भिंतीवर लाल ठिपक्यांची आडवी रांग, प्रत्येक दोन ठिपक्यांमध्ये काळोखाची फट. कोणीतरी श्वास आत ओढला. "त्या फटीतही केसाच्या दोन्ही बाजूंनी प्रकाश पोचतो," मी सांगितलं, "पण तिथं तो एकमेकाला पुसून टाकतो. एकेक फोटॉन सोडला, तरी हळूहळू हीच रांग उमटते."

मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग तो एकटा कण कोन्या बाजूनं गेला वो ताई?"

"ते सांगता येत नाही बाबा. कुठून गेला हे पाहायला गेलं, की रांगच मोडते."

"म्हंजे पाह्यल्यानं फरक पडते."

"पडतो."

भिंतीकडं आता कोणीच पाहत नव्हतं. त्या लालसर अंधारात सगळी तोंडं दाराकडं, मावशींकडं वळली होती.

"मंग आमी काय येगळं म्हनून राह्यलो?" म्हातारा हळूच म्हणाला.

मी ओरडले. इथं पाहणं म्हणजे डोळे नव्हेत. कण कुठून गेला याची खूण कुठंतरी उमटणं. माणसाच्या बघण्यानं पोराला ताप येत नाही! नियम मोडून माझा केस लावला. तीच रांग आली.

"तुलेही तिची नजर लागली वाट्टे," एक बाई पदराआडून म्हणाली. ती हसली नाही.

आणि पत्रक तर घराघरांत पोचलं होतं. ठळक अक्षरांत, मीच लिहिलेलं: पाहिलं की प्रकाश वागणूक बदलतो!

सभेनं मावशींना काढलं नाही. खिचडी शिजवावी, वाढावी, फक्त पोरांकडं पाहू नये, असं ठरलं.

आठवड्यानं मी पुन्हा गेले. स्वयंपाकखोलीच्या दारावर माझं पत्रक खळीनं चिकटवलेलं. पोरं रांगेत उभी, पण एक आवाज नाही. मावशींनी पदर पार नाकापर्यंत ओढला होता. एक हात पातेल्याची कड चाचपायचा, दुसरा वाढायचा. निम्मी खिचडी ताटात, निम्मी फरशीवर.

मी पत्रक ओरबाडून काढलं आणि ताट घेऊन रांगेत लागले. माझा नंबर आला.

"मावशी, माह्याकडे पाहा."

"नोको व पोरी. तूच त लेहलं ना, पाह्यलं की बदलते."

"चुकलं माहं. पाहा."

पदर हलला. वर होतो की काय, असं क्षणभर वाटलं. तेवढ्यात माझ्या मागच्या पोरीनं डोळे घट्ट मिटून घेतले.