बेवारस नसलेली गाडी

शुक्रवारी मशिदीतून घरी येताना मोख्तारला आपल्या गाडीच्या काचेवर नगरपालिकेची पिवळी चिठ्ठी दिसली. ‘बेवारस वाहन. चौदा दिवसांत हलवावे.’ त्याने चष्मा पुसला आणि ती पुन्हा वाचली. गाडी त्याच्याच कुंपणाला लागून उभी होती.

मलेशियातल्या पेराकमधल्या त्या वसाहतीत तो तीस वर्षं राहत होता. शाळेची बस चालवण्यात उमेदीचा काळ गेला. निवृत्त झाल्यावर ही लाल गाडी घेतली आणि ती एकाच वाटेला जुंपली गेली. बायकोला, रोकियाहला, आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला इस्पितळात न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. चार वर्षं हे चाललं. ती गेल्यावर मोख्तार दर महिन्याला इंजिन तेवढं सुरू करी, पाच मिनिटं ऐके आणि बंद करी. जायचं कुठे? गाडी सहा वर्षं उन्हात उभी राहिली. लाल रंग आधी गुलाबी झाला, मग खडूसारखा पांढुरका. कुणी घासून गेलं तर कपड्यांना पूड लागे.

सोमवारी तो कचेरीत गेला. खिडकीतल्या मुलीने फोटो पुढे सरकवला.

“पाकचिक, तुम्हीच बघा. ही गाडी कुणाची असेल असं वाटतं का?”

“माझी आहे ती.”

“मग दिसू द्या की तसं,” ती म्हणाली. तिने ते काकाला समजवावं तसं, मऊ आवाजातच सांगितलं होतं. तरी बसमध्ये घरी येईपर्यंत मोख्तारच्या कानात तेच घुमत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने चाकांत हवा भरली, गाडी ढकलत पत्र्याच्या सावलीत घेतली आणि साबणाने धुतली. वाळल्यावर ती आणखीच पांढरी दिसली. मग त्याने टपाच्या कोपऱ्यात वीतभर जागा निवडली, फडक्यावर पॉलिशची पेस्ट घेतली आणि गोल गोल घासू लागला. फडकं लाल झालं. मेलेला रंग निघाला आणि खालून ओला वाटावा असा लाल वर आला. मोख्तार बराच वेळ त्या वीतभर जागेकडे बघत राहिला.

शेजारची सोम कुंपणावरून डोकावली. नवरा गेल्यापासून तीही एकटीच, पण तिची जीभ काही एकटी पडली नव्हती.

“काय बांग, लग्नबिग्न ठरवलंय की काय?” मोठ्या भावाला म्हणावं तसं ती त्याला बांग म्हणे.

“ठरलं तर तुला आधी सांगेन. निदान गावभर दवंडी पिटायचा खर्च वाचेल.”

“हाताने घासतोयस? मशीन मिळतं की भाड्याने.”

“मशीनने लवकर संपेल,” तो म्हणाला. लवकर संपवून पुढे काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

नऊ दिवस तो घासत होता. पत्रा तापला की थांबायचं, उतरत्या उन्हात पुन्हा लागायचं. बॉनेटच्या कडेला जोर जास्त झाला आणि खालचा करडा थर उघडा पडला. त्याने स्वतःलाच शिव्या दिल्या आणि पुढे कडांवर नुसती बोटं फिरवली. दंड भरून येत. रात्री चमचा धरवत नसे, तेव्हा तो भातात आमटी कालवून वाडगाच तोंडाला लावी. इतक्या वर्षांत त्याला अशी भूक लागली नव्हती.

शेवटी मेणाचा पातळ हात दिला, धुरकट होऊ दिला आणि मऊ फडक्याने पुसला. पुढचं डावं दार पुसताना मात्र त्याचा हात थबकला. मुठीखाली पूर्वी बारीक ओरखडे असायचे. दार उघडताना रोकियाहची अंगठी तिथे लागायची. नवीकोरी गाडी म्हणून तो एकदा तिच्यावर खेकसला होता. दुसऱ्या दिवशी अंगठी तिने दुसऱ्या हातात घातली होती. आता तिथे एक रेघसुद्धा नव्हती. त्याने बोट फिरवून पाहिलं, तिरप्या उजेडात वाकून पाहिलं. त्यानेच, स्वतःच्या हाताने, ते घासून काढले होते.

तो तिथेच जमिनीवर बसला. सोमने हाक मारली, तर “पाठ धरलीय” म्हणाला.

चौदाव्या दिवशी नगरपालिकेचा माणूस आला. गाडीभोवती फिरला, यादीतला नंबर दोनदा ताडून पाहिला आणि म्हणाला, “हीच का ती? विकायचीय का?”

“नाही.”

माणसाने यादीवर काट मारली.

मोख्तार त्याच दुपारी गाडी घेऊन निघाला. इस्पितळाचा फाटा आला तसा हात आपोआप वळला. तो फाटकापर्यंत गेला, तिथूनच माघारी फिरला. वाटेत बोलायला कुणी नव्हतं, तर इंजिनचाच आवाज ऐकत आला.

रविवारी सोम पिशव्या घेऊन दारात उभी राहिली. “बाजारात सोड मला. नुसती चमकवून ठेवायला गाडी म्हणजे काय शोभेची बरणी आहे?”

त्याने किल्ली घेतली. सोमने पुढचं दार ओलांडलं, मागचं उघडलं आणि मागच्या सीटवर पिशव्या मांडीवर घेऊन बसली. त्याने काही सांगितलं नव्हतं.

“चल,” ती म्हणाली, “मासळी संपेल.”