खिसे कापून मिळतील

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात आमच्या शेजारच्या वहिनी वर्षानुवर्षं एकच काम करायच्या. खिसे लावायचं. एक बाई कॉलर बसवायची, दुसरी काजं करायची आणि वहिनींच्या टेबलावर कपडा यायचा तो फक्त खिशापुरता. पुढे त्याची पँट होते की फ्रॉक, हे बघायला त्यांना कधी सवडच मिळाली नाही.

मग मालकांनी कारखाना गुंडाळला. जाताना प्रत्येकीला तिचं तिचं मशीन देऊन टाकलं. वहिनींचं मशीन हातगाडीवरून आलं तेव्हा आम्ही सगळे मदतीला धावलो. ते इतकं जड होतं, की जिन्यात दोनदा टेकवावं लागलं. शेवटी जेवणाचं टेबल भिंतीला सारून त्याला खिडकीपाशी जागा करून दिली.

"आता घरीच शिवणकाम सुरू करते," वहिनींनी जाहीर केलं.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे दादा, घरं रंगवायची कामं घेत. बायकोच्या हातावर त्यांचा भलताच विश्वास. सासूबाईंच्या जिभेला मात्र हाड नव्हतं. "अगं, खिशापलीकडे तुला काय येतं?"

"शिकेन की!"

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे सख्ख्या जाऊबाई. त्यांनी मोठ्या हौसेने ड्रेसचं कापड आणलं. वहिनींनी जीव ओतून ड्रेस शिवला, आणि जाऊबाईंचं डोकं त्याच्या गळ्यात अडकलं.

"मला बाहेर काढा!" ड्रेसच्या आतून आवाज आला.

वहिनींनी एकीकडून ओढलं, सासूबाईंनी दुसरीकडून. जाऊबाई सुटल्या तेव्हा केस पिंजारलेले, चेहरा लालबुंद. बाह्या बघाव्यात तर एक कोपरापर्यंत, दुसरी मनगटाच्याही खाली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी तरळलं. जाऊबाई तो ड्रेस उलटासुलटा करत होत्या. अचानक त्यांचा हात बाजूच्या खिशात गेला आणि तिथेच थांबला.

"अय्या! खिसा काय झकास बसलाय गं! माझ्या एकाही कपड्याला खिसा नाही. बाकीचं राहू दे, माझ्या जुन्या ड्रेसांना खिसे लावून देशील?"

सासूबाई हसून हसून बेजार झाल्या. वहिनी हसल्या नाहीत. त्या विचारात पडल्या.

समोरच्या बिल्डिंगमधल्या नर्सबाईंनी हे ऐकलं आणि नवाकोरा गणवेश घेऊन त्या हजर. किल्ल्या, पेन, फोन, सगळं दिवसभर हातात धरून त्या वैतागल्या होत्या. वहिनींनी बाजूची शिवण उसवली, आत खिशाची पिशवी घातली आणि वरून टीप मारली. नर्सबाईंचा चहा संपायच्या आत काम तयार. दोन्ही हात खिशात घालून, शीळ वाजवत त्या जिना उतरल्या. लगेच त्यांच्या वॉर्डातल्या बायका एकेक करून यायला लागल्या.

परवाना काढायला वहिनी सरकारी कचेरीत गेल्या.

"व्यवसाय कोणता?" कारकुनाने विचारलं.

"खिसे."

"म्हणजे शिवणकाम लिहू?"

"नको हो! शिवणकाम लिहिलंत तर लोक ड्रेस आणतील. फक्त खिसे लिहा."

कारकुनाने मान वर करून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खरंच तसं लिहिलं.

पाटी रंगवायचं काम अर्थातच दादांनी अंगावर घेतलं. आधी खिशाचं कापड कापावं लागतं, मग ते शिवायचं, असा सरळ हिशोब करून त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘येथे खिसे कापून व शिवून मिळतील’. पाटी खिडकीखाली लागली आणि रस्त्यावर हसणाऱ्यांची गर्दी झाली. एक जण तर आपलं पाकीट घट्ट धरून वर बघत होता.

"अहो, काय लिहिलंत हे!" वहिनींनी कपाळाला हात लावला.

"अगं, बघ तरी. सगळे वाचतायत!"

पाटी तशीच राहिली. वहिनींचं नाव मात्र ‘खिसेकापू’ पडलं ते पडलंच.

एके दिवशी शाळेत गणित शिकवणारी एक तरुणी मोठा खोका घेऊन आली. त्यात तिचा लग्नाचा ड्रेस होता.

"याला खिसा हवाय. मला दमा आहे. पंप सतत जवळ लागतो. लग्नात तो कुणाच्या पर्समध्ये ठेवू आणि धाप लागली की कुणाला शोधत बसू?"

वहिनींनी ड्रेस उलगडून हातात घेतला. कापड पाण्यासारखं निसटतं, आणि उसवायची ती दुसरीच्या लग्नाची शिवण! त्यांनी आधी तसलंच कापड आणून त्यावर हात बसवला. दादांना घराबाहेर पाठवलं, सासूबाईंना गप्प बसायला सांगितलं आणि मग कात्री हातात घेतली. पंप नाचतानासुद्धा पडू नये म्हणून खिसा खोल केला, तोंडाशी छोटं बटण लावलं.

लग्नाला नवरीने त्यांना आग्रहाने बोलावलं होतं. ऐन नाचात ती थांबली, खिशातून पंप काढला, खोल श्वास घेतला, पंप परत ठेवला आणि पुन्हा नाचायला लागली. कुणाची धावाधाव नाही, काही नाही. क्षणभर सगळ्या बायका बघतच राहिल्या. मग एकच गलका, "अगं, हिच्या ड्रेसला खिसा आहे!" वहिनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या.

त्यानंतर कामाचा नुसता पूर लोटला. वहिनींना कुणाचं मन मोडवेना आणि दादा तर खिडकीतून ज्याला त्याला सांगायचे, "या की उद्या!" कपड्यांचे ढीग पलंगावर चढले. एका सकाळी ठरल्या दिवशी कपडे न मिळालेल्या बायका एकदमच जिन्यात उभ्या ठाकल्या. त्या दिवशी वहिनींनी सगळ्यांची माफी मागितली आणि संध्याकाळी घरच्यांना समोर बसवलं.

"आजपासून खिडकीत सासूबाई बसतील. मला ‘नाही’ म्हणता येत नाही."

"आणि मला ‘हो’ म्हणता येत नाही," सासूबाई खुशीत म्हणाल्या.

व्यवस्था फक्कड जमली. आवरेल तेवढंच काम आत यायचं, बाकीच्यांना पुढच्या आठवड्याचा वार मिळायचा. घासाघीस करणाऱ्यांची सासूबाईंपुढे डाळ शिजत नसे. वहिनी दुपारी निवांत जेवू लागल्या आणि रविवारी मशीनवर चादर पडू लागली.

परवा सासूबाईच स्वतःचा ड्रेस घेऊन मशीनपाशी आल्या.

"आतल्या बाजूने खिसा लाव. बाहेरून दिसता कामा नये. आणि बटण हवं."

"त्यात काय ठेवणार आहात एवढं?"

"तुला गं काय करायचंय? गिऱ्हाइकाला असं विचारतात का?"

वहिनींनी हसत हसत सुईत दोरा ओवला.